खेळाडूची दुसरी विद्या

खेळ आणि अभ्यास ह्यांचें हाडवैर आहे, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. मुलगा सायंकाळीं चेंडू घेऊन बाहेर पडला कीं वडिलांच्या कपाळास आठ्या पडतात. आणि मुलास वाटतें कीं, पायांत कसब असल्यावर डोक्यास शीण देण्याची गरजच काय? आमच्या मतें ह्या दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत. परंतु नुसत्या मतानें कोणाचें मन वळत नाहीं, म्हणून आम्ही आज वाचकांपुढें एका फुटबॉलपटूचें चरित्र ठेवीत आहों. ही व्यक्ति स्त्री आहे. आणि तिनें मैदानावर जें मिळविलें त्याहून मैदान सोडतांना जें बरोबर नेलें, तें आम्हांस अधिक मननीय वाटतें.

ॲलेक्स स्कॉट ह्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९८४ रोजीं लंडनच्या पूर्व भागांतील पॉपलर येथें झाला. हा भाग एके काळीं गोद्यांचा, आणि पूर्वापार कष्टकऱ्यांच्या वस्तीचा. तेथें मुलांस खेळावयास हिरवळ कोठून मिळणार? इमारतींच्या मध्यें जाळीनें वेढलेला सिमेंटाचा चौक असे. त्यांत मुलगे फुटबॉल खेळत, आणि त्यांच्यांत ही मुलगी असे. ती अवघी आठ वर्षांची असतांना आर्सेनल ह्या विख्यात क्लबनें तिला आपल्या मुलींच्या संघांत घेतलें.

येथें थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळीं कारखान्यांतून काम करणाऱ्या इंग्रज स्त्रियांनीं फुटबॉलचे संघ काढिले, व ते फार लोकप्रिय झाले. १९२० सालच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या 'डिक, कर लेडीज' ह्या कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहण्यास सुमारें ५३,००० लोक जमले होते. पुढल्याच वर्षीं, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें हा खेळ स्त्रियांस योग्य नाहीं असें ठरवून आपल्या क्लबांस बजाविलें कीं, स्त्रियांच्या सामन्यांस मैदानें देऊं नयेत. हा निर्बंध जवळजवळ पन्नास वर्षें टिकला. ज्या काळांत पुरुषांच्या खेळास प्रेक्षक, पैसा व प्रतिष्ठा ह्यांचा लाभ झाला, तोच काळ स्त्रियांच्या खेळाच्या हातून निसटला.

ह्याचे परिणाम स्कॉटबाईंच्या पिढीसही भोगावे लागले. स्त्रियांच्या संघांत खेळून पोट भरत नसे. म्हणून त्यांनीं त्याच क्लबच्या धुलाईखान्यांत नोकरी धरिली. पुरुषांच्या संघांतील धनाढ्य खेळाडूंचे मळलेले सदरे धुवावे, आणि ते काम आटोपून आपण स्वतः सरावास उभें राहावें, असा क्रम होता. ज्या क्लबसाठीं आपण खेळतों त्याच क्लबचे कपडे धुण्यांत त्यांनीं कमीपणा मानिला नाहीं, आणि हातीं साबण आहे म्हणून खेळांत ढिलाईही केली नाहीं.

त्याचें फळ २००६-०७ च्या हंगामांत दिसलें. त्या हंगामांत आर्सेनलच्या स्त्रियांनीं चार स्पर्धा जिंकिल्या. त्यांतील युरोपीय चषकाच्या अंतिम फेरींत स्वीडनच्या उमेओ संघाशीं दोन सामने व्हावयाचे होते. पहिल्या सामन्याच्या अगदीं अखेरच्या क्षणीं स्कॉटबाईंनीं दुरून मारलेला चेंडू जाळ्यांत गेला; दुसरा सामना गोलावांचून संपला; आणि त्या एका गोलाच्या बळावर तो चषक प्रथमच इंग्लंडांत आला. विशेष हें कीं, त्या बचावाच्या फळींत उजव्या बाजूस खेळत. गोल करणें हें त्यांचें नेहमींचें कामही नव्हे. पुढें इंग्लंडतर्फें त्यांचे एकंदर १४० सामने झाले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें त्या ग्रेट ब्रिटनच्या संघांत होत्या, आणि २०१५ सालीं कॅनडांत झालेल्या विश्वचषकांत इंग्लंडनें तिसरें स्थान मिळविलें तेव्हांही त्या संघांत होत्या.

मध्यंतरीं, २००९ सालीं, त्या अमेरिकेंतील बॉस्टन ब्रेकर्स ह्या संघाकडे गेल्या होत्या. तेथें स्त्रियांसाठीं एक नवी व्यावसायिक स्पर्धा मोठ्या आशेनें निघाली होती; ती तीन हंगाम खेळून बंद पडली. आपला कांहींएक दोष नसतां आपला धंदा पायांखालून निघून जाऊं शकतो, हें ह्यावरून उघड होतें. आणि धंदा टिकला तरी देह कोठें टिकतो? तिशी ओलांडली कीं धांव मंदावते. एखादी दुखापत तर त्याच्याही आधीं निकाल लावते. वकील, वैद्य किंवा शिक्षक ज्या वयांत आपल्या विद्येंत मुरूं लागतो, त्याच वयांत खेळाडूस मैदानाचा निरोप घ्यावा लागतो.

हें सर्वच खेळाडू जाणतात. पण जाणूनही बहुतेक जण तो दिवस उजाडेपर्यंत स्वस्थ बसतात. स्कॉटबाई स्वस्थ बसल्या नाहींत. पायांत बळ होतें आणि संघांत जागा होती, त्याच दिवसांत त्यांनीं स्टॅफर्डशर विद्यापीठाचा क्रीडालेखन व प्रक्षेपण ह्या विषयांचा अभ्यास करून पदवी मिळविली. २०१८ सालीं, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं, त्या खेळांतून निवृत्त झाल्या. त्याच उन्हाळ्यांत रशियांतील पुरुषांच्या विश्वचषकाच्या वेळीं बी.बी.सी.नें त्यांस सामन्यांचें विवेचन करण्यास नेमिलें. पुरुषांच्या विश्वचषकावर बी.बी.सी.साठीं असें काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. आणि २०२१ सालीं, १९७४ पासून चालत आलेल्या 'फुटबॉल फोकस' ह्या कार्यक्रमाचें सूत्रसंचालन त्यांच्या हातीं आलें. त्या जागीं कायम नेमणूक झालेल्या त्या पहिल्याच स्त्री.

येथें कोणी म्हणेल, "प्रसिद्ध खेळाडूस दूरचित्रवाणीवर खुर्ची मिळणारच; त्यांत विद्येचा काय संबंध?" ह्या आक्षेपांत अर्धें सत्य आहे. नांवाच्या जोरावर खुर्ची मिळते खरी. पण ती राखावी लागते कामाच्या जोरावर. सूत्रसंचालकाचें काम वरवर सोपें दिसतें. प्रत्यक्षांत, समोरच्या पाहुण्यास प्रश्न विचारीत असतां कानांतील यंत्रांतून निर्मात्याच्या सूचना येत असतात. किती सेकंद उरले हें कोणी मोजून सांगत असतें. मध्येंच एखादी बातमी येते आणि ठरलेला क्रम बदलावा लागतो. आणि ह्यांतलें कांहींही चेहऱ्यावर दिसूं द्यावयाचें नसतें. शिवाय विवेचकानें आपलें मत सांगितलें कीं त्याचें काम झालें; सूत्रसंचालकास मात्र आपलें ज्ञान पोटांत ठेवून दुसऱ्यास बोलतें करावें लागतें. असा संयम चेंडू मारण्याच्या सरावानें येत नाहीं. तो निराळा शिकावा लागतो. खेळानें त्यांस दारापर्यंत नेलें हें आम्ही नाकारीत नाहीं. दारांतून आंत गेल्यावर उभें राहण्यास जागा दिली ती अभ्यासानें.

आतां ह्या चरित्रांतील ज्या प्रसंगामुळें आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तो सांगतों. २०२१ च्या उन्हाळ्यांत टोकिओ ऑलिंपिकचें वृत्त स्कॉटबाई बी.बी.सी.वरून देत होत्या. एकेकाळीं व्यापारखात्याचे मंत्री राहिलेल्या एका लॉर्डसाहेबांनीं जाहीरपणें तक्रार केली कीं, 'रोइंग', 'स्विमिंग' असल्या शब्दांच्या शेवटचा 'ग' ह्या बाईंस उच्चारतां येत नाहीं, आणि त्यामुळें चांगल्या कार्यक्रमाची गोडी जाते. पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तींतील लोक तो 'ग' गिळतात, हें इंग्लंडांत सर्वांस ठाऊक आहे. स्कॉटबाईंनीं उत्तर दिलें तें थोडक्यांत असें कीं, आपण पॉपलरच्या कामकरी घरांतून आलों ह्याचा आपणांस अभिमान आहे, आपल्या उच्चारांचाही आहे. आणि कुळ, बोली किंवा रूप ह्यांवरून कोणी पारख केली म्हणून मुलांनीं मागें राहूं नये.

हा वाद इंग्लंडांत नवा नाहीं. १९४१ सालीं यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स ह्यांस बी.बी.सी.नें राष्ट्रीय वार्ता वाचावयास बसविलें, तेव्हां त्यांच्या उत्तरेकडील हेलावर श्रोत्यांनीं केवढा गहजब केला! वार्ता तीच, सत्य तेंच; फक्त हेल निराळा.

आणि हा वाद आपल्यालाही परका नाहीं. वर्गांत एखादा मुलगा 'पाणी' ऐवजीं 'पानी' म्हणाला कीं मागच्या बांकांवर हशा पिकतो. हशा क्षणांत विरतो. पण तो मुलगा पुढें महिना महिना हात वर करीत नाहीं. उत्तर येत असूनही तो गप्प बसतो. शुद्ध उच्चाराच्या नांवाखालीं आपण किती शहाणपण असें मुकें करून ठेवितों, ह्याचा हिशेब कोण ठेवितो? खानदेशांतील बहिणाबाई चौधरी ह्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांनीं ओव्या रचिल्या त्या घरच्या बोलींत. १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या ग्रंथरूपानें बाहेर आल्या, आणि प्रमाण मराठीच्या पंडितांनींही त्या डोक्यावर घेतल्या. त्यांच्या हयातींत कोणी 'आधीं उच्चार सुधारा' असें म्हणून त्यांस गप्प केलें असतें, तर मराठी भाषा कितीतरी दरिद्री राहिली असती.

आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करूं नये. शाळेनें प्रमाण भाषा शिकवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. कोल्हापूरच्या मनुष्यास नागपूरच्या मनुष्याशीं पत्रव्यवहार करावयाचा तर दोघांस सामाईक असें एक भाषेचें नाणें लागतेंच. न्यायालय, दवाखाना, विद्यापीठ सर्वत्र तें चालतें. तें ज्यास मिळालें नाहीं त्याचें नुकसान होतें, आणि तें गरिबाचें अधिक होतें. परंतु नवें नाणें देतांना मुलाच्या घरचें नाणें खोटें ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? बोलणाऱ्याची पारख तीन गोष्टींवरून व्हावी: त्यास विषय कळला आहे काय, तो नीट समजावून सांगतो काय, आणि तो खरें बोलतो काय. उच्चार चौथ्या क्रमांकास येतो, आणि तोही समजण्यापुरता.

३१ जुलै २०२२ रोजीं वेम्ब्ले येथें स्त्रियांच्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना इंग्लंडनें जिंकिला. प्रेक्षक होते ८७,१९२. त्या दिवशीं दूरचित्रवाणीवर स्कॉटबाईंनीं स्पष्ट सुनावलें कीं, ह्याच स्पर्धेसाठीं आम्ही मैदानें मागत फिरलों तेव्हां कित्येकांनीं नकार दिला होता. आज त्यांनीं आपल्या मनास विचारावें. मैदान मिळत नसलेल्या पिढ्यांचें गाऱ्हाणें तेथें लक्षावधि लोकांनीं ऐकिलें. त्या वेळीं कोणता 'ग' गळला, ह्याची पंचाईत करण्याचें कारण नव्हतें.

पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलाचा चेंडू माळ्यावर फेकूं नका, आणि मुलीचा तर मुळींच नको. २०२२ सालींच सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नवी मुंबईस झाला. हा खेळ आतां दूर देशची गोष्ट राहिलेला नाहीं. मात्र खेळणाऱ्या मुलाकडून रोज एक तास दुसऱ्या विद्येसाठीं मागून घ्या, आणि तो शिक्षा म्हणून नव्हे, तर त्याच्या पुढल्या पंचवीस-तीस वर्षांची शिदोरी म्हणून. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं फारच थोडे नामांकित खेळाडू होतील. परंतु जे होतील त्यांसही एक दिवस बूट काढून ठेवावे लागतील, आणि जे होणार नाहींत त्यांस तर दुसरी विद्या आजपासूनच हवी.

आणि एक सूचना शाळेसाठीं. वार्षिक क्रीडासामन्यांच्या वेळीं ध्वनिक्षेपकावरून समालोचन करण्यास आपण नेहमीं वक्तृत्वस्पर्धेंतील बक्षीसपात्र मुलेंच निवडितों. येत्या वर्षीं तें काम, ज्याच्या उच्चारावर वर्ग हंसतो पण ज्यास खेळाची नस कळते, अशा एखाद्या मुलाकडे द्यावें. तयारीस त्यास आठ दिवस द्यावे, खेळाडूंचीं नांवें व मागील निकाल पाठ करवून घ्यावे, आणि मग सर्वांनीं मैदानाच्या कडेस बसून तो काय सांगतो तें ऐकावें.