जानेवारीपुरता टर्नर

हेन्री व्हॉन हा लंडनचा गृहस्थ १८९९च्या अखेरीस वारला. टोप्यांच्या धंद्यात वडिलांनी कमावलेला पैसा त्याने हयातभर चित्रांत घातला. कॉन्स्टेबलचे 'द हे वेन', म्हणजे ओढ्यात उतरलेल्या घोडागाडीचे ते जगप्रसिद्ध तैलचित्र, लंडनच्या नॅशनल गॅलरीला देणारा तो हाच. मृत्युपत्रात त्याने इंग्रज चित्रकार टर्नरची ३८ जलरंगचित्रे एडिंबराच्या राष्ट्रीय कलादालनाला आणि ३१ डब्लिनच्या दालनाला ठेवली. सोबत अट घातली: दरवर्षी जानेवारीत सगळी चित्रे एकदम मांडायची, तिकीट लावायचे नाही, आणि महिना संपला की परत पेटीत.

जानेवारीच का, याचे उत्तर खिडकीबाहेर आहे. एडिंबरात नव्या वर्षाचा सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चार वाजायच्या आत गडप होतो. मधल्या सात तासांतही ढग नि धुके ठरलेले. वर्षातला सर्वांत लुळा उजेड व्हॉनने शोधून काढला आणि तेवढ्यापुरते टर्नरला बाहेर सोडले. सव्वाशे वर्षे उलटली, तरी दोन्ही शहरे हा नेम पाळतात. टर्नरच्या अडीचशेव्या जन्मवर्षी, २०२५मध्ये, त्यांनी आपापले संच एकमेकांकडे पाठवले, पण महिना जानेवारीच ठेवला.

हे ऐकून आपल्याकडचा माणूस आधी म्हणेल, विक्षिप्तपणा. मग म्हणेल, श्रीमंतांचे चोचले. लोकांना द्यायचे आणि लोकांपासून लपवायचेही, हा कुठला न्याय? आमचे मत उलट आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या ब्रिटिश जलरंगांना सर्वांत मोठा अपाय उपेक्षेने झाला नाही, मानाने झाला. भिंतीवर टांगले जाण्याचा मान त्यांनी भांडून मिळवला आणि तोच त्यांना भोवला.

सुरुवातीला या चित्रांना भिंत ठाऊक नव्हती. पॉल सँडबी हा या परंपरेचा आद्य पुरुष मानला जातो. १७४५चे जेकबाइट बंड मोडल्यावर स्कॉटलंडची लष्करी मोजणी सुरू झाली, तिच्यावर तो नकाशे काढायला होता. नकाशाच्या रेषेवरून पातळ रंगाचा हात फिरवायचा, ही त्याची मूळ तालीम. पेनने रेखाटन, त्यावर करडी छाया, त्यावर जेमतेम रंग. असे हे कागद जाड पुठ्ठ्यांच्या बासनात राहायचे. पाहुणे जमले की बासन सोडायचे, एकेक कागद हातोहात फिरवायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचे. डॉक्टर टॉमस मन्रो यांच्या लंडनच्या घरी १७९०च्या दशकात टर्नर आणि टॉमस गर्टिन ही दोन पोरे संध्याकाळी बसून जॉन रॉबर्ट कझन्सच्या चित्रांच्या नकला करीत. गर्टिन रेषा काढी, टर्नर रंग भरी. टर्नरला एका रात्रीचे साडेतीन शिलिंग आणि वर जेवण. कझन्सला तेव्हा वेड लागले होते आणि तो याच मन्रोंच्या उपचाराखाली होता. इकडे त्याचे आल्प्स ही पोरे दिव्याच्या उजेडात गिरवीत होती. कझन्सला याची काही खबर असेल असे वाटत नाही.

पण चित्रकार बासनात किती दिवस समाधान मानणार? रॉयल अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनात तैलचित्रांच्या गर्दीत जलरंग दबून जात, त्यांना जागाही आडबाजूची मिळे. १८०४च्या नोव्हेंबरात काही जणांनी जलरंगवाल्यांची वेगळी मंडळी काढली आणि पुढच्या एप्रिलात लोअर ब्रुक स्ट्रीटवर फक्त जलरंगांचे प्रदर्शन भरवले. सुमारे १२ हजार लोक पैसे मोजून आले. मग तैलचित्रांशी चढाओढच लागली. आकार वाढले, रंग दाटले, कागदाभोवतीची पांढरी पट्टी जाऊन सोनेरी चौकट थेट चित्राला भिडली. बासनातला कागद भिंतीवर चढला आणि दिवाणखान्यात खिडकीसमोर वर्षानुवर्षे ऊन खात राहिला.

आता जलरंग म्हणजे असतो तरी केवढा? डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या रंगाचा पापुद्रा कागदावर इतका पातळ बसतो की उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत येतो. चित्रातला उजेड हा खरे तर कागदाचाच. एडिंबराच्या संचातले 'द पियाझेट्टा, व्हेनिस' पाहावे. वादळी आभाळ, उजळून निघालेला डोजचा, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाचा, राजवाडा आणि वरून कडाडत खाली आलेली वीज. ही वीज टर्नरने रंगवलेलीच नाही. आभाळाचा काळपट रंग त्याने खरवडून काढला, बहुधा अंगठ्याच्या नखाने, आणि खालचा कागद उघडा पाडला. या कामासाठी त्याने नख राखले होते, अशा गोष्टी त्याला पाहिलेल्यांनी सांगून ठेवल्या आहेत. एका ओरखड्यात वीज उभी करणारा हा माध्यमाचा पातळपणाच त्याच्या मुळावर येतो. जिथे रंगाचा थरच एवढासा, तिथे तो उडायला कितीसा वेळ लागणार?

सर्वांत आधी उडाली ती नीळ. ढगांचा करडा रंग करायला त्या काळचे चित्रकार नीळ आणि तांबडी माती एकत्र करीत. माती काही केल्या हलत नाही. नीळ उन्हात टिकत नाही. नीळ गेली, माती उरली, आणि गर्टिनच्या पिढीतल्या कित्येक चित्रांवरचे भर दुपारचे ढग तांबूस होऊन बसले. त्याला संध्याकाळ समजून वाहवा करणारे रसिकही निघाले असतीलच. खरे आभाळ कोणते, ते माउंट उचलल्यावर कळते. पुठ्ठ्याखाली झाकलेल्या कडेच्या बोटभर पट्टीत मूळची निळाई शाबूत असते आणि तिच्या शेजारी, रेघ मारल्यासारखे, उरलेले विटके चित्र सुरू होते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कुंचल्याने रंगवलेली.

चित्रकारांना हे कळत नव्हते असेही नाही. रंगांचे कारखानदार विन्सर यांनी एकदा टर्नरला टोकले, की तुम्ही घेता ते रंग टिकाऊ नाहीत. तेव्हा तुम्ही रंग करायचे बघा, वापरायचे मी बघतो, अशा अर्थाचे काहीतरी सुनावून त्याने त्यांना गप्प केले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, टर्नरला शोभणारी आहे.

१८८६ साली या प्रकरणावरून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जुंपली. राणीच्या चित्रसंग्रहाची देखरेख करणारे जे. सी. रॉबिन्सन म्हणाले, सार्वजनिक दालनांत उजेडात टांगलेली जलरंगचित्रे डोळ्यांदेखत नासत आहेत. यावर कलासमीक्षक जॉन रस्किन उसळले. नीट सांभाळले तर जलरंगांना शतकानुशतके काही होत नाही, हे त्यांचे म्हणणे. मौज अशी की टर्नरने देशाला ठेवलेल्या हजारो कागदांतले निवडक कागद सरकत्या चौकटींत बसवून लाकडी पेट्यांत ठेवण्याची व्यवस्था तीस वर्षांपूर्वी याच रस्किननी लावली होती. म्हणजे नीट सांभाळणे याचा त्यांचाही अर्थ पेटी हाच होता. ही दोन मोठी माणसे एकच गोष्ट दोन टोकांनी सांगत होती. चित्रकारांच्या संस्थांच्या मात्र पोटात गोळा आला. गिऱ्हाइकाला एकदा का कळले की सोनेरी चौकटीतला माल विटतो, तर पुढे विकायचे काय?

अखेर सरकारी खात्याने रसेल हे रसायनतज्ज्ञ आणि कॅप्टन अॅबनी यांना तपासाला बसवले. त्यांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या, निम्म्या झाकून, काचेच्या नळ्यांत घालून महिनोन्महिने उन्हात ठेवल्या. १८८८चा त्यांचा अहवाल या विषयातला पायाचा दगड मानला जातो. किरमिजी आणि नीळ उडाले. पिवळी माती, तांबडी माती, कोबाल्ट टिकले. हवा काढून घेतलेल्या नळीत बहुतेक रंगांना काही झाले नाही. दमट हवेत मात्र त्यांचे हाल झाले. (मुंबईकरांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) हा सगळा गदारोळ व्हॉनच्या हयातीत, त्याच्याच शहरात झाला. 'हे वेन' त्याने दिले तेही त्याच १८८६ साली.

शास्त्राच्या हिशेबाने आज व्हॉनची अट कालबाह्य आहे, हे मान्य. संग्रहालयांत आता खिडक्या झाकलेल्या असतात आणि जलरंगांवर सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) एवढाच दिवा सोडतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा एक लाखापर्यंत जातो. तो ५० लक्सचा दिवा जूनमध्ये लावला काय नि जानेवारीत लावला काय. तरीही अट मोडू नये, कारण उजेडाचे नुकसान बेरजेने वाढते. अकरा महिने अंधारात ठेवल्याने उडालेला रंग परत येत नाही, फक्त आणखी उडायचा थांबतो. प्रत्येक प्रदर्शन म्हणजे मुद्दलातून काढलेली रक्कम, आणि ती वर्षाला किती काढायची हे व्हॉनने कायमचे ठरवून दिले. एरवी ते त्या त्या वेळच्या संचालकाच्या, पर्यटन खात्याच्या आणि मोबाइल उंच धरून उभ्या असलेल्या गर्दीच्या मर्जीवर गेले असते. पडद्यावर भडक केलेला टर्नर पाहून आलेले लोक अंधूक दालनात शिरल्या शिरल्या नाक मुरडतात. त्यांनी मुरडावे.

आणि पेटीत म्हणजे कुलपात नव्हे, हे इथे महत्त्वाचे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये किंवा टेट ब्रिटनमध्ये कागदावरच्या चित्रांसाठी वेगळी अभ्यासिका असते. आधी वेळ मागायची, शाईचे पेन बाहेर ठेवायचे, स्वच्छ हातांनी बसायचे. मग मागितलेली पेटी मेजावर येते. मध्ये सोनेरी चौकट नाही, खांद्यावरून डोकावणारे कोणी नाही, टर्नर हातभर अंतरावर. जुन्या बासनाची रीतच ही, फक्त आता तिला पाहुण्यांची यादी नाही.

असेच एक ठिकाण अमेरिकेत न्यू हेवनला आहे, पॉल मेलन यांच्या संग्रहातून उभे राहिलेले येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट. तिथल्या ब्रिटिश रेखाटनांच्या शेजारी पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबटही आहेत. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने त्यांना हाताशी धरले होते, स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सबरोबर त्यांनी काम केले. वेरूळची त्यांची रेखाटने तिथे आहेत, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला, १७९० साली काढलेला गेंडाही. हा गेंडा आज पुण्यातल्या सदाशिव पेठेत बसून येलच्या संकेतस्थळावर, कातडीची घडी न घडी मोठी करून, फुकट पाहता येतो.

याच ब्रिटिश जलरंगांच्या वळणावर मुंबईची कलाशाळा वाढली, धुरंधर-हळदणकर या चित्रकारांचे हात त्यातूनच तयार झाले. ती चित्रे आपल्याकडे कशी राहतात? काही वर्षानुवर्षे खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटखाली, उरलेली अशा कपाटांत की किल्ली कोणाकडे हे विचारले तर साहेब रजेवर असतात. आमची मागणी लहान आहे. जिथे जिथे जलरंग आहेत तिथे दाराशी एक तक्ता लावावा: कोणते चित्र कोणत्या महिन्यात भिंतीवर येईल, आणि पेटीतले कोणत्या वारी, कोणाकडे अर्ज केल्यावर पाहायला मिळेल. यासाठी वातानुकूलन लागत नाही, आणि तक्त्याचे उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते नाही झाले तरी चालेल.