रविवारची सुट्टी घरातल्या आईलाही हवी

रविवारी सकाळी आपल्या वस्तीतली मुले पांढरे कपडे घालून विहारात जातात. त्रिशरण-पंचशील होते, वंदना होते. धम्म पाळणारे आईवडील म्हणून आपल्याला त्याचे समाधान वाटते आणि ते योग्यच आहे. पण आरोग्याच्या या पानावर आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. सुट्टीच्या त्या दिवशी घरात विश्रांती कोणाला मिळते?

अमरावतीचे फ्रेजरपुरा घ्या की अकोल्याचे अकोट फैल, चित्र फारसे वेगळे नसते. दालमिलमध्ये किंवा बांधकामावर जाणारा बाप थोडा आडवा होतो. मुले मोबाईल घेऊन बसतात. आईच्या वाट्याला मात्र आठवडाभराचे धुणे, दळण, पाणी भरणे आणि सुट्टीचा म्हणून वाढीव स्वयंपाक येतो. विहारात भोजनदान असले, तर तिथल्या चुलीपुढेही तीच. तिचा रविवार सोमवारपेक्षा जड असतो.

ही सुट्टी आपल्याला फुकट मिळालेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही तिची मुख्य मागणी होती. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. ज्या मागणीसाठी बायाही सभेत उभ्या राहिल्या, ती सुट्टी आपल्याच घरात बाईपर्यंत पोचू नये, हे आपल्याला शोभत नाही.

काही उपासक म्हणतात, धम्मात कष्टाला, वीर्याला महत्त्व आहे, विश्रांती म्हणजे आळस. आम्हाला हे पटत नाही. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्ताळेपर्यंत थांबेना, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि ढिली सोडली तरी लागत नाही. मध्यम मार्ग शरीरालाही लागू आहे. पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीचा उपोसथ हा तर रोजची धावपळ बाजूला ठेवून मन शांत करण्याचाच दिवस आहे.

आता आरोग्याचे पाहू. रोज पहाटे उठून रात्री उशिरा पाठ टेकणाऱ्या बाईला थकवा हा आजार वाटतच नाही. पण सतत थकवा, चक्कर, जिना चढताना धाप ही रक्त कमी असल्याची खूण असू शकते. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, बौद्ध कुटुंबांतही आहे. अशा रुग्णाला अतिश्रम, कडक ऊन किंवा कमी पाणी यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अकोल्याच्या मे महिन्यात तर त्याच्यासाठी विश्रांती औषधाइतकीच गरजेची. मुलांचेही तसेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज किमान नऊ तास झोप लागते. रविवारीही सकाळी क्लास आणि रात्री मोबाईल असेल, तर ते मूल ताजेतवाने कधी होणार?

यावर खरी अडचण आम्ही जाणतो. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर पैसे मिळतात, खाडा केला की मजुरी बुडाली. धुणीभांडी करणारीला घरमालकीण सुट्टी देत नाही. तिला ‘आराम कर’ असा उपदेश करणे सोपे आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. बाहेरच्या कामाची सुट्टी एकेकटीने मागून मिळत नाही. एका गल्लीतल्या घरकामगार बायांनी मिळून महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या मागाव्या, महिला मंडळाने त्यांच्यासोबत उभे राहावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्येच घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती हवी, असा ठराव केला आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. ही मागणी आपल्या जयंतीच्या मंचावरून व्हायला हवी.

दुसरी गोष्ट आपल्याच हातात आहे, आणि तिला पैसा लागत नाही. पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्धा दिवस धरा. रविवार जमत नसेल तर दुसरा वार ठरवा, पण तो दर आठवड्याला पाळा. धुणे आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून उरकावे. त्या दिवशी एक वेळचा स्वयंपाक बापाने आणि मुलाने करावा, साधी खिचडी चालेल. दुपारी दोन तास आईला कोणी हाक मारू नये. विहारातले भोजनदान असेल तेव्हा चूल पुरुषांनी सांभाळावी आणि उपासिकांना प्रवचन बसून ऐकू द्यावे.

मुले पंचशील तोंडपाठ करतात, पण मैत्री आणि करुणा ती घरात बघून शिकतात. आई झोपली आहे म्हणून बाप हळू आवाजात बोलतो आणि स्वतः भांडी घासतो, हे ज्या मुलाने दर आठवड्याला पाहिले, त्याला समता वेगळी शिकवावी लागणार नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा आणि घरात एवढेच ठरवा: आईच्या विश्रांतीची वेळ कोणती आणि त्या वेळी तिचे काम कोण करणार.