पान पिवळं म्हणजे युरियाच का?



रोवणा आटोपला आणि संध्याकाळी थोडा वेळ मिळायला लागला, तसा मोबाईलवर तर्कशास्त्राचा प्राथमिक कोर्स सुरू केला. घरी हसले. "आता या वयात वकील होता का जी?" म्हणे. कोर्स स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, मायकेल जेनेसेरेथ नावाच्या प्राध्यापकांचा, २०१२ पासून ऑनलाइन आहे. सुरुवातीलाच ॲबी, बेस, कोडी, डाना अशा चार मुली येतात आणि कोणाला कोण आवडते यावरून कोडी सोडवायची. पहिल्या दिवशी वाटलं, आपल्या धानाच्या बांधीत या पोरींचं काय काम?

तिसऱ्या संध्याकाळी काम कळलं.

दोन वर्षांआधी रोवणीनंतर वीस-बावीस दिवसांनी माझ्या खालच्या बांधीत पानं पिवळी पडली. मी हिशेब केला तो असा: नत्र कमी असलं की पान पिवळं पडते. पान पिवळं आहे. म्हणजे नत्र कमी आहे. दुकानदारानंही मान डोलावली. युरिया टाकला. पान काही सुधरलं नाही, तर पुन्हा टाकला. खालच्या पानांवर तांबूस ठिपके होते, जागोजागी चूड बसले होते, म्हणजे जस्त कमी होतं. ते मला दिसत होतं, पण मी पाहिलं नाही. वरचा युरिया मात्र पुढं अंगावर आला. धान मऊ, दाट झाला, तुडतुडा बसला आणि कापणीच्या तोंडावर गोल-गोल चट्टे जळाले. त्या बांधीतून निम्माही धान हाती आला नाही.

कोर्समध्ये या चुकीला नाव आहे. "अ असेल तर ब" हे खरं असलं, तरी ब दिसलं म्हणून अ आहेच असं ठरत नाही. आपल्या न्यायशास्त्रवाल्यांनी हे फार आधी धुरावरून सांगून ठेवलं आहे. डोंगरावर धूर दिसला तर विस्तव आहे म्हणता येते. पण विस्तव आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही, लोहाराच्या भट्टीतलं लाल लोखंड पाहा. रस्ता एकेरी आहे. मी उलट्या दिशेनं बंडी हाकली होती.

बरोबर रस्ता कोणता? नसलेल्या गोष्टीवरून मागं येणं. नत्र कमी असतं तर पिवळेपणा आधी जुन्या पानांवर, सगळीकडं सारखा आला असता, तांबूस ठिपके पडले नसते. इथं ठिपके आहेत, वाढ जागोजागी खुंटली आहे. म्हणजे निव्वळ नत्राची गोष्ट नाही. एवढं म्हणायला पैसा लागत नाही, फक्त गुडघाभर चिखलात वाकून पाहावं लागते. नवीन पानं आधी पिवळी पडली असती तर गंधकाकडं पाहिलं असतं.

पांढऱ्या लोंबीचंही तेच. पांढरी लोंबी दिसली की "खोडकिडा" म्हणून पंप पाठीवर घेतो आपण. अरे, लोंबी ओढून तर पाहा. सहज निघून आली, बुडाशी कुरतडलेली दिसली तर खोडकिडा. निघत नाही आणि मानेशी काळी पडली आहे, तर मानेचा करपा. एक कीड, दुसरी बुरशी. एकाचं औषध दुसऱ्याला काय करणार?

आणि "फवारलं, मग कीड गेली" हेही आता मला लगेच पटत नाही. मधात दणकून पाऊस आला होता का? न फवारलेल्या शेजारच्या बांधीतही गेली का? उलट काही पायरेथ्रॉइड औषधांनी कोळी, मिरीड ढेकूण असे मित्रकीटक मरतात आणि तुडतुडा आणखीच वाढतो. कोपऱ्यात एक पट्टा कोरा ठेवल्याशिवाय काहीच कळत नाही.

म्हणून कृषी सहायक, विद्यापीठाचे तज्ज्ञ हे पान वाचत असतील तर एक म्हणणं आहे. सल्ला देताना "हे टाका" याच्या आधी "हे नाही, कारण असं असं दिसत नाही" एवढी एक ओळ लिहा. आम्हाला डोज पाठ होते, कारण पाठ होत नाही, आणि पुढच्या साली रोग वेगळा असला तरी आम्ही तोच डोज मारतो.

कोर्सनं सगळं होते असंही नाही. तर्काची मांडणी बिनचूक असली तरी आधीची माहितीच खोटी असली तर उत्तर खोटंच निघू शकते. माती परीक्षण न करता मी कितीही शहाणपणानं विचार केला, तरी तो हवेतलाच. भाषा इंग्रजी आहे, चिन्हं पाहून डोकं गरगरते, एक धडा मी तीनदा पाहतो. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरही तर्कशास्त्राचे कोर्स येतात, शिकायला पैसे लागत नाहीत. आणि घरात अकरावी-बारावी कला शाखेचं पोर असेल तर तर्कशास्त्राचं मराठी पुस्तक कोनाड्यात पडलं असेल. व्याख्या तिथूनच समजून घ्या, मीही पुतणीचंच घेतलं.

काल सकाळी खालच्या बांधीत पुन्हा पिवळं दिसलं. युरियाचं पोतं घरातच आहे. मी आधी वहीत लिहिलं: कोणतं पान, कुठून सुरू, ठिपके आहेत का, पाणी किती दिवसांपासून साचलं. धुऱ्याजवळच्या दहा चुडांचा फोटो खाली टाकला आहे. तुम्हाला काय वाटते ते सांगा, पण कशावरून वाटते तेही लिहा.