‘ही वेळ नव्हे’ हे ठरवणार कोण?

मुस्लीम समाजात वेगळा विचार मांडणाऱ्याला ‘तू चुकतो आहेस’ असे तोंडावर सांगणारे फार थोडे. बहुतेक जण त्याला बाजूला घेऊन समजावतात, ‘तुझे म्हणणे खरे आहे, पण ही वेळ नव्हे.’ वरवर पाहता हा मायेचा सल्ला वाटतो. प्रत्यक्षात विचार मारण्याचे याहून सोपे हत्यार नाही. कोणी ‘चूक’ म्हटले तर वाद घालता येतो, दाखले देता येतात. ‘वेळ नव्हे’ म्हटले की वादच संपतो, आणि ती वेळ कधी येणार हे कोणी सांगत नाही.

शहरात हा सल्ला झुगारता येतो. मोहल्ला बदलला की माणसे बदलतात. आंबेगाव तालुक्यातल्या पेठसारख्या गावात ती सोय नसते. अशा गावांत जमात म्हणजे मोजकी घरे आणि तीही बरीचशी एकमेकांच्या सोयरिकीतली. तिथे फतवा काढावा लागत नाही. ईदला गळाभेट घेताना समोरच्याचे हात आखडतात, मुलीच्या निकाहाची बोलणी अडतात, आणि घरात मयत झाली तर खांदा द्यायला किती जण येतील, या विचाराने झोप उडते. त्या माणसाने विचारलेले तरी काय असते? जमातीच्या पैशाचा हिशेब. निकाहात हुंडा का घेतला, हा सवाल. शरीयतने बहिणीला दिलेला जमिनीतला वाटा भाऊ का देत नाहीत, हा सवाल. यात धर्म बुडवणारे काय आहे? तरीही शरीयतीच्या नावाने गप्प बसवले जाते ते शरीयतीची आठवण करून देणाऱ्यालाच!

पेठहून मंचर, नारायणगाव मागे टाकून पुढे गेले की जुन्नर तालुक्यातले ओतूर लागते. तिथे एकोणिसाव्या शतकात एक खटला घडला. तो हिंदू समाजातला असला तरी आपण विसरू नये असा आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी ग्रामजोशांना न बोलावता घरचे लग्न लावले. आमचा वतनी हक्क बुडाला, अशी फिर्याद जोशांनी केली. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि १८९० साली निकाल पाटलांच्या बाजूने लागला. त्यांनी गाव सोडले नाही आणि समाजही सोडला नाही. आमच्या घरचे लग्न कसे लावायचे ते आम्ही ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गावकीचा धाक त्या काळात आजच्यापेक्षा कमी होता, असे कोण म्हणेल? त्यांनाही कोणीतरी ‘ही वेळ नव्हे’ म्हटलेच असेल.

ओतूरच्या पाटलांनी ज्या सत्यशोधक समाजाचा मार्ग धरला, त्याचेच नाव पुढे हमीद दलवाई यांनी आपल्या कामाला दिले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लीम महिलांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. एकतर्फी तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. त्या वेळच्या मुस्लीम समाजाकडे पाहता सात हा आकडा लहान नव्हता. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंना काफिर म्हटले गेले, विकला गेलेला म्हटले गेले. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत होण्याची गरज नाही. या लेखकालाही त्यांची काही मते पटत नाहीत. पण त्यांचा मूळ प्रश्न मुस्लीम स्त्रीच्या घरातला होता, आणि त्याचे उत्तर न देता आपण प्रश्न विचारणाऱ्याचा ईमान तपासत बसलो.

पुढचा हिशेब मांडून पाहा. १९६६ साली सांगितले, वेळ नव्हे. १९८५ साली शाहबानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा हक्क मान्य केला, तेव्हाही सांगितले, वेळ नव्हे. आणि १९८६ साली संसदेकडून नवा कायदा करवून घेतला. त्यानंतरच्या तीस वर्षांत ‘एका दमात तीन तलाक आम्ही आमच्या जमातीत चालू देणार नाही’ असा ठराव किती गावांच्या जमातींनी केला? शेवटी २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो तलाक रद्द ठरवला, आणि २०१९ साली असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास देणारा कायदा झाला. त्या कायद्यातल्या शिक्षेला अनेकांचा आक्षेप आहे आणि तो गैरवाजवी नाही. पण आक्षेप घेताना हेही कबूल करावे लागेल की जे आपण आपल्या हाताने, आपल्या भाषेत, आपल्या बायकामुलींना विचारून लिहायला हवे होते, ते दुसऱ्यांनी लिहिले. एकेकाळी जुन्नरी कागद दूरवर नावाजलेला होता आणि तो बनवणारे कागदी मुसलमान होते. कागद आपला आणि लिहिणारे दुसरे, ही आपली जुनीच तऱ्हा दिसते.

कोणी म्हणेल, बाहेर आग लागली असताना घरातले भांडण कशाला? आग खोटी नाही. १९९२-९३ ची मुंबई आपण विसरलेलो नाही. २०१४ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, हडपसरला, नमाज पढून परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने ठार मारले. अशा दिवसांत माणूस आपल्या माणसांच्या आडोशाला जातो, हे स्वाभाविक आहे. पण आडोसा देणाऱ्यांनी भाड्यात जीभ मागू नये! बाहेरचा धाक आहे म्हणून आतला धाक पवित्र ठरत नाही. ज्या समाजात बोलणारी माणसे उरत नाहीत, त्याला संकटात आपली बाजू मांडणारेही सापडत नाहीत.

दलवाईंचे नाव घेऊन मुसलमानांना झोडपणाऱ्यांनाही एक विचारायला हवे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, २०१५ साली कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर. तेव्हा तुमचे विचारस्वातंत्र्याचे प्रेम कुठे होते? वेगळ्या विचाराचे वैर कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. मात्र शेजाऱ्याचे घर घाण आहे म्हणून आपण आपले अंगण झाडायचे नाही, हेही शहाणपण नव्हे.

आता ज्यांच्या नावाने तोंड बंद केले जाते, त्या इमामांकडेच पाहू. इमाम अबू हनीफा यांनी खलिफाने देऊ केलेले काझीपद नाकारले, तुरुंग सोसला आणि इ. स. ७६७ मध्ये बगदादला ते वारले. इमाम अहमद इब्न हंबल यांनी खलिफाने लादलेले मत मान्य केले नाही म्हणून त्यांना फटके मारले गेले. इमाम मालिक यांनाही फटके खावे लागले. त्यांच्यातही आपसांत मतभेद होते, म्हणून तर चार मजहब झाले. कोकणातला मुसलमान शाफई आणि घाटावरचा हनफी, तरी दोघे एका सफीत उभे राहतात. कुराणाने सूरह बकराच्या २५६ व्या आयतीत दीनच्या बाबतीत जबरदस्ती नाकारली आहे. मग गावातल्या चार कारभाऱ्यांना ती करण्याचा अधिकार कोणी दिला?

बहिष्काराचा प्रश्न महाराष्ट्राच्या कायद्यालाही जुना आहे. मुंबई राज्याने १९४९ साली जातीबाहेर टाकण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२३ साली हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. मधल्या काळात असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांनी बहिष्कार भोगला, हल्ले सोसले, पण आपण मुसलमान आहोत हे म्हणणे २०१३ साली मरेपर्यंत सोडले नाही. जातपंचायतींच्या जाचाला कंटाळून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे. अंत्यविधीला वा दफनभूमीच्या वापराला अडथळा आणणे हाही त्यात गुन्हा आहे. म्हणजे ज्या भीतीने गावातला माणूस गप्प बसतो, ती भीती घालणेच आता गुन्हा ठरले आहे.

दलवाई ३ मे १९७७ रोजी वारले. कोणताही धार्मिक विधी न करता आपल्या देहाचे दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. तो त्यांचा स्वखुशीचा निर्णय होता, आणि तो घेण्याचा त्यांना पुरा हक्क होता. पण खरी कसोटी दुसऱ्याच माणसाची आहे. ज्याला पाच वक्तांची नमाज पढायची आहे, मेल्यावर आपल्या अब्बाजानच्या शेजारच्या मातीतच जायचे आहे, आणि तरीही जमातीच्या बैठकीत उठून ‘हे मला मान्य नाही’ म्हणायचे आहे, त्याला जागा आहे का? समाज सोडून जाणाऱ्याला स्वातंत्र्य सगळेच देतात. राहणाऱ्याला ते मिळते की नाही, त्यावर समाजाची परीक्षा होते.

त्यासाठी कोणत्या क्रांतीची वाट पाहायला नको. पेठ, मंचर, जुन्नर, ओतूर, कुठल्याही गावच्या जमातीने पुढच्या बैठकीत तीन ठराव करावेत. मतभेदावरून कोणाच्या निकाहाला आणि मयतीला जाणे थांबवायचे नाही. जमातीचा हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचायचा. आणि त्या बैठकीला बायकांनाही बोलवायचे, नुसते पडद्याआड बसवायला नव्हे, बोलायला. हे करायला कोर्ट लागत नाही, संसद लागत नाही. आणि यालाही कोणी ‘ही वेळ नव्हे’ म्हणाले, तर त्याला तिथेच विचारावे, मग कोणती? तारीख सांगा.