पाळण्यावरची पाळत

परवा एका मित्राचा फोन आला. त्याला मुलगा झालाय, बारा दिवसांचा आहे. "बे, तुझ्याकडं होतं ना ते बाळावर लक्ष ठेवायचं मशिन? कुठलं घेऊ सांग की. कॅमेऱ्याचं घेऊ का ऑक्सिजन दाखवणारं?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी काही सांगितलं नाही, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. जरा रागानं लिहिणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. त्यातला थोडा राग स्वतःवरचा आहे.

आमची मुलगी चौतिसाव्या आठवड्यात झाली. वजन १८०० ग्रॅम. सोळा दिवस काचेच्या पेटीत होती. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना पेटीपेक्षा तिथला आवाज जास्त आठवतो. ती टिक टिक, आणि पडद्यावरचा आकडा... सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, मध्येच ब्याण्णव. मुलगी घरी आली त्या रात्री बायको झोपलीच नाही. म्हणाली, "अहो, इथे आवाजच नाही हो काही. तिचं बरं चाललंय हे कसं कळणार?"

या एका वाक्यावर एक अख्खा धंदा उभा आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझा मेहुणा न्यू जर्सीला असतो. त्याने गावाकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दोन वस्तू पाठवल्या. एक कॅमेरा, अंधारातही दिसणारा. आणि एक मोजा. हा मोजा बाळाच्या पायात घालायचा, तो नाडी आणि ऑक्सिजन मोजतो आणि मोबाईलवर दाखवतो. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल दिवा आणि सायरन. मेहुण्याने प्रेमानेच पाठवलं होतं, त्याबद्दल त्याला बोल नाही.

आता आमचं घर म्हणजे जुळे सोलापुरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाळ शिंकलं तर गॅसजवळ ऐकू येतं. कॅमेरा लावून आम्ही काय बघत होतो? बायको हातभर अंतरावर झोपलेल्या मुलीला मोबाईलवर बघायची! मान वळवली की दिसेल अशी मुलगी वायफायमधून फिरून पुन्हा आमच्यापर्यंत यायची. आज हसू येतं, तेव्हा नाही आलं.

मोज्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. तिसऱ्याच रात्री पावणेतीनला सायरन झाला. बायकोने मुलीला उचललं, मी अनवाणीच रिक्षा शोधायला धावलो. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, मुलगी शांतपणे आमच्याकडे बघत होती. मोजा सैल झाला होता, एवढंच. पुढच्या पंधरा दिवसांत असं आणखी चार वेळा झालं. तरी आम्ही मोजा काढला नाही. उलट वाटायचं, बघा किती काळजी घेतोय तो!

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून मुलगी दूध नीट ओढत नव्हती. आई म्हणाली, "अरे, पाय गार लागतायत बघ हिचे. रडण्यातही दम नाही." मी मोबाईल आईच्या समोर धरला. "आई, हे बघ. सत्त्याण्णव. हिरवा दिवा." आई गप्प बसली. तिला आकडे कळत नाहीत असं मला वाटलं, आणि तिलाही तसंच वाटलं. सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही तो हिरवा दिवा बघत बसलो.

पाच वाजता आशाताई त्यांच्या ठरलेल्या फेरीला आल्या. मी त्यांनाही मोबाईल दाखवला. त्या म्हणाल्या, "दादा, ते ठेवा बाजूला." झबलं वर केलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट मुलीच्या पोटाकडे बघत श्वास मोजले. ६८. पुन्हा मोजले. ६६. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील तर तो धोका धरायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. "आत्ता निघा," एवढंच त्या म्हणाल्या. न्यूमोनिया होता. सहा दिवस दवाखाना झाला. मुलगी वाचली, आता सव्वादोन वर्षांची आहे आणि घर डोक्यावर घेते.

पण ते सहा तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. यंत्र बिघडलं नव्हतं. त्याला जेवढं मोजता येत होतं तेवढं ते मोजत होतं, आणि तेवढ्यापुरता तो आकडा कदाचित बरोबरही असेल. चूक ही झाली की ज्या माणसाला खरं कळलं होतं त्याला मी आकडा दाखवून गप्प केलं.

नंतर मी बरंच वाचलं. हे यंत्र जन्मालाच भीतीतून आलंय. १९३२ साली अमेरिकेत लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाचं बाळ पळवून नेऊन मारलं गेलं. त्या धास्तीतून झेनिथ कंपनीने १९३७ मध्ये 'रेडिओ नर्स' काढली. इसामु नोगुची या शिल्पकाराने तिला आकार दिला होता. बाळाच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा, बस्स. मोठ्या बंगल्यासाठी ते ठीकच होतं. आज मात्र नुसत्या आवाजावर पैसे मिळत नाहीत, म्हणून मग ऑक्सिजन, झोपेचा आलेख, रडण्याचा अर्थ आणि काय काय.

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तिथल्या पालकांना सांगते की अचानक होणारे अर्भकमृत्यू टाळण्यासाठी असल्या घरगुती यंत्रांवर भिस्त ठेवू नका. २०१८ मध्ये फिलाडेल्फियात दोन कंपन्यांचे मोजे रुग्णालयातल्या बाळांवर तपासले, तर त्यातल्या एकाला कमी झालेला ऑक्सिजन एकदाही पकडता आला नाही. आऊलेट नावाच्या कंपनीला (आमच्याकडे आला तो मोजा हिचा नव्हता) तिथल्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला, की परवानगी नसताना हे वैद्यकीय उपकरण म्हणून विकू नका. विक्री थांबली. नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्या मोज्याला परवानगी मिळाली, पण कुणासाठी? निरोगी बाळांसाठी! म्हणजे आमच्यासारखे, कमी दिवसांचं बाळ घरी आणून रात्रभर जागणारे, ज्यांना तो सगळ्यात जास्त हवासा वाटतो, त्यांच्या बाळासाठी तो नव्हेच.

आणि तिथले अचानक होणारे मृत्यू निम्म्याहून कमी कशाने झाले? बाळाला पाठीवर झोपवा, एवढं सांगून. १९९२ मध्ये तशी शिफारस झाली, १९९४ पासून मोहीम चालली. त्याला ना बॅटरी लागते, ना ॲप.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे आमच्या आज्यांचंच बरोबर होतं. नाही हो! माझ्या आईला पाय गार लागलेले कळले, पण तीच आई एप्रिलच्या उकाड्यात मुलीला सोलापुरी चादरीत गळ्यापर्यंत गुंडाळत होती. सोलापूरचा एप्रिल म्हणजे चाळिशीच्या पुढचा पारा. अंघोळीनंतर शेगडीवर ओवा टाकून धुरीही द्यायची, फुप्फुसं अजून कच्ची असलेल्या बाळाला. डॉक्टरांनी तिला झापलं, ते बरोबरच झापलं. तोंडाजवळ चादर नको, उशी नको, धूर नको. तेव्हा जुनं ते सोनं हा माझा मुद्दा नाही.

मुद्दा असा की बाळाकडे बघणाऱ्या माणसाला काय बघायचं ते शिकवलं पाहिजे. हे आपल्याच राज्यात करून दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. श्वास मोजणं, वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं, तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आमच्या घरी आशाताई घड्याळ घेऊन आल्या, त्या तिथूनच सुरू झालेल्या वाटेने आल्या. आणि या आशाताईंना मानधन वेळेवर मिळावं म्हणून मोर्चे काढावे लागतात. मोज्याला तीनशे डॉलर मोजताना मात्र आपल्याला काही वाटत नाही.

आता मित्राचा प्रश्न. घर दुमजली आहे, बाळ वर आणि तुम्ही खाली, किंवा कुणाला ऐकू कमी येतं, तर साधं आवाजाचं यंत्र जरूर घ्या. त्यात चार गोष्टी बघा. एक, लाईट गेल्यावर बॅटरीवर किती तास चालतं. दोन, पल्ल्याबाहेर गेलं की ते स्वतः ओरडून सांगतं का. नाही तर शांतता म्हणजे बाळ झोपलंय असं वाटत राहील. तीन, ऐकू कमी येणाऱ्यासाठी दिवा किंवा थरथर आहे का. चार, इंटरनेटशिवाय चालतं का. २०१३ मध्ये ह्यूस्टनला एका परक्या माणसाने असल्या कॅमेऱ्यातून झोपलेल्या लहान मुलीला शिव्या घातल्या होत्या. आणि वायर पाळण्यापासून तीन फूट लांब ठेवा. गादीखालच्या पट्टीची वायर गळ्याभोवती अडकून दोन बाळं दगावली, तेव्हा एंजलकेअर कंपनीची सहा लाख यंत्रं त्याच २०१३ साली परत मागवली गेली.

ऑक्सिजनचं यंत्र डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर तो वेगळा विषय, ते वापरा. कुणी लिहून दिलेलं नसेल तर मोजा नको, झोपेचा आलेख नको, रडण्याचा अर्थ सांगणारं ॲप तर नकोच नको. खोलीचं तापमान बघायला भिंतीवरचा साधा तापमापक पुरतो.

"पण भीती वाटते रे," असं तो म्हणणारच. वाटू दे. कमी दिवसांच्या बाळाच्या आईबापाला भीती वाटलीच पाहिजे. पण ती मोबाईलच्या हवाली करू नको. घड्याळ घे आणि बाळ झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोज. आज मोज, उद्या मोज. आठवड्यात तुला तुझ्या मुलाचा श्वास ओळखू यायला लागेल. आणि घरातलं कुणी म्हणालं की बाळ आज वेगळं वाटतंय, तर त्याला आकडा दाखवू नको. रिक्षा बोलाव.

असो. फोन करतो त्याला आता. मोजा कपाटात पडून आहे. कुणी मागितला तरी देणार नाही.