मार्थेलाही प्रार्थनेला बसू द्या

वाचन: लूक 10:38-42, योहान 21:1-14



आज चिंतनाला घेतलेला विषय आहे कोंबडीचा. आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी, सण नाही, पाहुणे नाहीत, अशा रात्री घरच्यांसाठी मंद आचेवर शिजवलेली कोंबडी. हसू नका. आपण देवळात सहसा न विचारलेला एक प्रश्न याच भांड्यात शिजतो आहे: संध्याकाळी घरात प्रार्थना सुरू असते, तेव्हा स्वयंपाक करणारी कुठे असते?

धर्मशिक्षणाच्या निमित्ताने राजेश्वर परिसरातल्या घरांत माझे संध्याकाळी जाणे होते. बहुतेक ठिकाणी चित्र एकच. वडील आणि मुले चटईवर बसलेली, आजी जपमाळ घेऊन भिंतीला टेकलेली, आणि आई आत चुलीपाशी. ती तिथूनच उत्तर देते. मध्येच भाकरी थापल्याचा आवाज येतो, मध्येच फोडणीचा. ती सकाळी घरचे आवरून तुरीच्या किंवा सोयाबीनच्या रानात खुरपायला गेलेली असते आणि दिवस कलताना परतलेली असते. मुले हे रोज पाहतात आणि आपण न शिकवता एक गोष्ट शिकतात, की प्रार्थना सगळ्यांनी बसून करायची असते, फक्त आईने सोडून.

माझे मत मी सरळ मांडतो. घरातल्या एका माणसाला स्वयंपाकघरात ठेवून होते, ती कुटुंबप्रार्थना पुरी नव्हे.

मार्थेच्या गोष्टीवर आपण पुष्कळ बोलतो, पण बहुधा बायकांना उद्देशून. मार्थेसारखी धावपळ करू नका, मरीयेसारखे प्रभूच्या चरणाशी बसा, असे सांगतो. मग घरी गेलो की गरम जेवण मागतो! प्रभूने मार्थेला स्वयंपाक करू नकोस असे सांगितलेले नाही. तिचे मन अनेक गोष्टींत ओढले गेले होते आणि काम तिच्या एकटीवर पडले होते, हे त्याने ओळखले. पुढे योहानाच्या 12 व्या अध्यायात बेथानीच्या जेवणाच्या वेळी मार्था पुन्हा वाढतानाच दिसते, आणि तिथे तिला कोणी बोल लावत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये 29 जुलैचा मार्थेचा स्मरणदिन मार्था, मरीया आणि लाजर या तिघा भावंडांचा मिळून केला. सेवा करणारी, ऐकणारी आणि जिवंत होऊन उठलेला, तिघे एकाच घरातले.

आता भांड्याकडे येतो. पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेली आपली मुले हल्ली ‘स्लो कुकर’ नावाचे विजेचे भांडे घेतात. आत जाड चिनी मातीचे पातेले, बाहेरून विजेची मंद उष्णता, वर घट्ट झाकण. सकाळी जिन्नस घालून निघावे आणि संध्याकाळी जेवण तयार. अमेरिकेत त्यात बार्बेक्यू चिकन फार करतात: आंबट, गोड, तिखट रसात तासन्‌तास शिजून हाडापासून सुटणारी कोंबडी. खरा बार्बेक्यू निखाऱ्यांवरचा. हा त्याचा घरगुती, कामाच्या दिवसाचा भाऊ.

या भांड्याचा जन्म शब्बाथातून झाला आहे. निर्गम 35:3 मध्ये शब्बाथ दिवशी घरात विस्तव पेटवू नये अशी आज्ञा आहे. म्हणून पूर्व युरोपातले यहुदी लोक शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घेवड्याच्या बिया, सातू, बटाटे आणि मांस एका मडक्यात भरून गावातल्या भटारखान्याच्या भट्टीत ठेवत. भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजे आणि शनिवारी दुपारी सभास्थानातून परतताना घरी नेले जाई. या पदार्थाला ‘चोलंट’ म्हणतात. लिथुएनियातल्या विल्नो शहरातली ही आठवण आयर्विंग नॅक्सन या शिकागोच्या यहुदी संशोधकाने आईकडून ऐकली आणि तसे शिजवणारे विजेचे भांडे बनवले. 1940 मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 मध्ये ते भांडे ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणले.

म्हणजे हे भांडे आळसासाठी जन्मले नाही. स्वयंपाक करणारीलाही देवापुढे बसता यावे, ही सोय त्याच्या मुळाशी आहे. अनुवाद 5:14 मध्ये तर देव दास आणि दासी यांचेही नाव घेतो. त्यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे सांगतो. विसाव्याची आज्ञा पाळताना आपण घरातल्या बाईचे नाव यादीतून गाळले, तर आज्ञा अर्धीच पाळली.

कोणी म्हणेल, सर, आमच्याकडे असले भांडे कुठले आणि दिवसभर भरवशाची वीज कुठली? रास्त आहे. पण मंद शिजवणे आपल्याला परके नाही. गोवरीच्या धगीवर दुधाचे मडके तासन्‌तास ठेवून त्यावर जाड साय धरणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. बिदरमधल्या आपल्या मुसलमान शेजाऱ्यांची निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते. गावरान कोंबडी तर घाईने शिजतच नाही. पायाच्या मांसातला चिवट भाग मऊ व्हायला वेळ आणि मंद उष्णता, दोन्ही लागतात. आणि आपल्या बिदर-कलबुर्गी-सोलापूर पट्ट्याला देवाने एक खास देणगी दिली आहे, ती म्हणजे ज्वारीची कडक भाकरी. एकदा करून वाळवली की कित्येक दिवस टिकते. आठवड्यातून दोन रात्री कडक भाकरी रश्शात मोडून खाल्ली, तर त्या दोन रात्री आईला तव्यापाशी उभे राहावे लागत नाही.

ज्यांच्याकडे ते विजेचे भांडे आहे, त्यांच्यासाठी रीत सांगतो. किलोभर कोंबडीचे कातडी काढलेले, हाडासकट पायाचे तुकडे घ्यावेत. छातीचे मांस फार वेळ शिजले की कोरडे पडते. तळाशी दोन कांदे उभे चिरून पसरावेत. वाटीभर टोमॅटोचा रस, दोन-दोन चमचे चिंचेचा कोळ आणि गूळ, आवडीप्रमाणे लाल तिखट, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, मिरपूड आणि मीठ एकत्र करून तुकड्यांवर ओतावे. पाणी घालू नये. वाफ बाहेर जात नसल्याने कोंबडीलाच पाणी सुटते. मंद आचेवर पाच-सहा तास ठेवावे आणि मध्ये झाकण उघडू नये. शेवटी तुकडे तापल्या तव्यावर परतावेत, रस आटवून वर ओतावा. बार्बेक्यूचा वास हवा असेल तर वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर थेंबभर तूप सोडावे आणि पाच मिनिटे झाकावे.

चुलीवर करणाऱ्यांनी हेच जिन्नस जाड बुडाच्या भगुण्यात घालावेत, एक उकळी येऊ द्यावी, मग जाळ काढून तुऱ्हाट्यांच्या निखाऱ्यांवर ठेवावे. झाकणावरही चार निखारे ठेवावेत. ब्रॉयलर कोंबडी तासाभरात शिजते, गावरानला अधिक वेळ लागतो. आत लालसर राहता कामा नये. त्या तासाभरात भगुण्यापाशी उभे राहण्याची गरज नाही. तोच तास प्रार्थनेचा.

काही सावधगिरी मात्र हवी. बर्फात गोठलेली कोंबडी तशीच स्लो कुकरमध्ये घालू नये. राजमा घालायचा असेल तर तो आधी भिजवून, भिजवणीचे पाणी टाकून, वेगळा दहा मिनिटे खळखळ उकळावा. कच्चा राजमा मंद आचेवर विषारी राहतो. आणि घरी कोणी नसताना बराच वेळ वीज गेली, तर ते मांस खाऊ नये. आपल्या खेड्यांत म्हणूनच हे भांडे घरात कोणी असतानाच लावणे शहाणपणाचे. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक घरांनी त्या दिवशी याच रीतीने हरभरे शिजवावेत.

पण भांडे बदलल्याने घर आपोआप बदलत नाही, हेही सांगितले पाहिजे. आईचा वाचलेला तास दुसऱ्या कामाने किंवा मोबाइलने भरून गेला, तर आपण काही मिळवले नाही. आणि कांदे चिरणे, लसूण सोलणे, जेवणानंतर भांडी घासणे हे सारे तिच्याच वाट्याला राहिले, तर तिचा भार फक्त संध्याकाळवरून सकाळवर ढकलला गेला.

म्हणून योहानाचा 21 वा अध्याय घरातल्या पुरुषांनी वाचावा. पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या समुद्राकाठी उभा आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकून थकलेले आहेत. ते किनाऱ्याला येतात, तेव्हा निखारे पेटलेले, वर मासळी ठेवलेली आणि शेजारी भाकर. ज्याने मरणाला जिंकले, त्याने थकून आलेल्यांसाठी न्याहारी मांडली होती. नव्या करारात निखाऱ्यांसाठीचा तो ग्रीक शब्द दोनच ठिकाणी येतो: इथे, आणि पेत्राने प्रभूला नाकारले त्या अंगणात. एका विस्तवापाशी पेत्र मोडला, दुसऱ्यापाशी प्रभूने आधी त्याला जेवू घातले आणि मग मेंढरे सोपवली. स्वयंपाक हलके काम असते, तर प्रभूने त्या सकाळी ते हाती घेतले नसते.

या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवा. भगुणे निखाऱ्यांवर ठेवा, दिवा लावा आणि आई येऊन बसल्याशिवाय क्रुसाची खूण करू नका. ती म्हणेल, तुम्ही सुरू करा, मी येतेच. तेव्हा थांबा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू थकलेल्यांसाठी निखारे पेटवलेस. आमच्या घरात जे हात आम्हाला भरवतात, त्यांना तुझ्या चरणाशी विसावा दे, आणि त्यांचे काम वाटून घेण्याची लाज आमच्या मनातून काढून टाक. आमेन.