आधी गाठोडं, मग डबे

आमच्या घरातल्या एका खोलीला तीन नावं आहेत. मी तिला 'कामाची खोली' म्हणते, आमचे हे 'गोडाऊन' म्हणतात, आणि लेक पुण्याहून आली की जरा कौतुकानं 'आईची क्राफ्ट रूम' म्हणते. तिन्ही नावं खरी आहेत. दहा बाय बाराची खोली, त्यात एक उषाचं पायमशीन, एक लोखंडी कपाट, एक दिवाण आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर लोकर, क्रोशाच्या सुया, मणी, टिकल्या, लेस, भरतकामाच्या रिंगा, रेशमाच्या लडी, सॅटिनच्या रिबिनी, पुठ्ठे... अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून जायचं आणि येताना महाद्वार रोडवरून मण्यांच्या चार पुड्या घेऊन यायच्या, असं तीस वर्षं केलं की अशी खोली आपोआप तयार होते.

परवा एक मैत्रीण आली होती. नुकतीच निवृत्त झालीय, आणि तिच्याकडेही अशीच एक खोली आहे. म्हणाली, "आत पाऊल टाकता येत नाही गं आता. आवरायला काढणार आहे. सुरुवात कुठून करू? डबे कुठले आणू?"

"डबे राहू देत. आधी आईचं गाठोडं सोड."

ती हिरमुसली. तिला डब्यांच्या दुकानाचा पत्ता हवा होता! म्हणाली, "ते शेवटी करीन, निवांत. त्यात एकदा बसलं की अख्खा दिवस जातो."

अगदी हेच, याच शब्दांत, मी एकेकाळी म्हटलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते तिला सांगितलं, आणि मग वाटलं की इथंही लिहून ठेवावं. असं गाठोडं तुमच्याही घरात असणारच.

मुळात आपल्याकडे सामान आणि ठेवा यांची सरमिसळ होते ती उगाच नाही. रुखवत आठवा. साबणाच्या टोपल्या, ताटाभोवतीच्या मोत्यांच्या महिरपी, सुपारीच्या बाहुल्यांची सप्तपदी, लोकरीची तोरणं. लग्न झालं की उरलेले मोती 'सामान' होतात आणि केलेली महिरप 'ठेवा' होते, पण दोन्ही जातात एकाच पिशवीत. वाकळेचं तर विचारूच नका. आजीचं लुगडं आपण 'आजीचं' म्हणून ठेवतो की 'वाकळेला होईल' म्हणून, हे ठेवणारीलाही नक्की माहीत नसतं. मऊ झालेली लुगडी एकावर एक घालून धावदोरा मारला की गेलेली माणसं पांघरुणात येतात. ही आपली रीतच आहे आणि मला ती आवडते. तक्रार रीतीबद्दल नाहीच. तक्रार आहे ती 'बघू नंतर' म्हणून त्या पिशवीला गाठ मारून टाकण्याबद्दल.

तर झालं असं. २०१९ च्या जानेवारीत मारी कोंडो या जपानी बाईंचा घर आवरण्याचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला. लेकीनं तो मला दाखवला आणि मी भारावून गेले. एकेक वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का बघायचं, नसेल होत तर आभार मानून निरोप द्यायचा. आवरण्याचा क्रमही ठरलेला. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ वस्तू आणि आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी. निर्णय घ्यायची सवय आधी सोप्या वस्तूंवर व्हावी, म्हणजे अवघड वस्तूंपाशी हात अडखळत नाही, असा त्यामागचा विचार. पटण्यासारखाच आहे.

मे महिन्यात मी झपाटल्यासारखी कामाला लागले. सव्वीस पारदर्शक डबे आणले, कड्यांचे. प्रत्येकावर चिठ्ठी. 'मणी - लाल', 'मणी - काचेचे', 'लेस - अर्धा इंच', 'थर्माकोल गोळे', 'मोती - पांढरे'. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. आठवणींचा टप्पा तेवढा राहिला. म्हटलं, गणपती झाले की निवांत बसू. आईचं गाठोडं दिवाणाच्या पोटात होतं, तिथंच राहिलं.

गणपती सप्टेंबरात होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर आला.

आम्ही शाहूपुरीत राहतो. नदी तशी लांब, पण पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागे सरकतं आणि गल्ल्यांत शिरतं. राजाराम बंधाऱ्याशी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २००५ च्या पुरात आमच्या दारातल्या दुसऱ्या पायरीला पाणी लागून परत गेलं होतं. त्यामुळे आमची सगळी हुशारी त्या दुसऱ्या पायरीवर अडकलेली. या वेळी नदी ५५ फुटांच्या वर गेली. दुसरी पायरी कधी बुडाली ते कळलंसुद्धा नाही.

रात्रीची वेळ, वीज गेलेली. ह्यांनी आणि गल्लीतल्या दोन पोरांनी शेगडी, सिलिंडर, धान्य, कागदपत्रं वरच्या मजल्यावर न्यायला घेतली. माझ्या खोलीच्या वाट्याला फार तर दहा मिनिटं आली. एका हातात टॉर्च. दुसरा हात आपोआप डब्यांकडे गेला. ते दिसत होते, त्यांच्यावर नावं होती, धरायला कड्या होत्या. सव्वीसच्या सव्वीस डबे वर पोचले. थर्माकोलचे गोळेसुद्धा! दिवाणाची आठवण झाली तेव्हा पाणी गुडघ्याला लागत होतं आणि दिवाणावर भिजलेली गादी होती. मी परत वळले, तर ह्यांनी दंड धरून जिन्याकडे ओढलं.

दुसऱ्या दिवशी ताईचा पुण्याहून फोन. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, म्हणजे ती येऊ शकत नव्हती. ख्यालीखुशाली झाली आणि तिनं विचारलं, "आईचं गाठोडं वर नेलंस ना गं?"

मी "हो" म्हटलं.

पाणी उतरल्यावर दिवाण उघडला. आईचा शालू, बाबांची तिला आलेली पत्रं, आजीच्या हातच्या क्रोशाच्या जाळ्या आणि आमची कुंची. गुळेदगुड्डच्या खणाची, आतून लुगड्याचं मऊ अस्तर, कडेला आईनं लावलेली मोत्यांची झालर. आम्ही तीन भावंडं आणि पुढे आमची पाच मुलं, सगळी बारशाला त्या एका कुंचीत. गाळ आणि गटाराचा वास नुसता वर राहिला नव्हता, धाग्यात मुरला होता. खणाचा रंग अस्तरात उतरला होता. मी ती तीनदा धुतली. तिसऱ्या वेळी ती शिवणीवर हातात सुटली. त्या आठवड्यात शहरभर रस्त्याकडेला गाद्या, कपाटं, पुस्तकं यांचे ढीग लागले होते. आमच्या गल्लीतल्या ढिगावर ते गाठोडं मी माझ्या हातानं ठेवलं. शालूचा हातभर पदर तेवढा वाचला.

ताईला मात्र काही बोलले नाही. पुढच्या वर्षी तिच्या लेकीला दिवस गेले आणि ताईचा फोन आला, "कुंची धुऊन, उन्हात घालून ठेव गं. मी न्यायला येते." तेव्हा सांगावं लागलं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ती तुझी एकटीची होती का?"

ते वाक्य मी खूप दिवस घोळवलं, आणि माझं आजचं मत त्यातूनच तयार झालंय. खोलीतलं सामान माझं असतं. ते मी विकत आणलंय. नासलं, हरवलं, उधळलं तरी माझंच नुकसान. ठेवा माझा नसतो. तो माझ्याकडे असतो, एवढंच. त्यामुळे 'मला आनंद होतो का' हा प्रश्न सामानाला चालतो, ठेव्याला अपुरा पडतो. कुंची बघून मला आनंद व्हायचा की नाही हा मुद्दाच नव्हता. ती जिला लागणार होती ती मुलगी तेव्हा आई व्हायची होती. म्हणून आमच्यासारख्या घरांत आवरण्याचा क्रम उलटा हवा असं मी म्हणते. अवघड असला तरी ठेव्याचा टप्पा पहिला. यात दोष कोंडोबाईंचा बिलकुल नाही. आळस माझा, आणि त्याला सबब मी त्यांच्या पद्धतीची दिली. (त्यांनीही तिसऱ्या मुलानंतर आवरणं जरा सैल सोडल्याचं २०२३ मध्ये सांगून टाकलं. वाचून बरं वाटलं!)

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळं जपत बसायचं? नाही हो. सगळं जपणं हेही 'बघू नंतर'चंच दुसरं नाव आहे. पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय पाहिलंय ना? दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी, म्हणजे घरोघरी अडगळीत पडणाऱ्याच वस्तू. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आज तिथं वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या असतात त्यातल्या अडीच हजार. म्हणजे तिथंही बहुतेक गोष्टी बंदच. मग त्याला आपण अडगळ का म्हणत नाही? कारण त्यांची नोंद आहे, आणि त्या एका घराच्या राहिलेल्या नाहीत. दिवाणाच्या पोटातल्या माझ्या गाठोड्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

तर मैत्रिणीला जे सांगितलं ते थोडक्यात असं.

गाठोडं आधी सोडायचं, आणि शक्यतो एकटीनं नाही. भावंडांना बोलवायचं, नाहीतर व्हिडिओ कॉल लावायचा. रडू येतं, भांडणंही होतात. ती आत्ताच झालेली बरी.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. कुणाची, कुणी केली, पुढे कुणाला द्यायची. कापडाला टाचणी लावू नये, गंजाचा डाग पडतो. सुती पट्टीवर नाव लिहून दोन टाके घालावेत.

जरीच्या कपड्याला डांबरगोळी थेट लागू देऊ नये, जर काळी पडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, म्हणून जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधावं आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी, नाहीतर घडीवरच कापड विरतं.

जे द्यायचंय ते आत्ताच द्यावं. 'माझ्यानंतर घ्या' हे ऐकायला बरं वाटतं, पण पाणी आपल्यानंतर येईलच असं नाही. २०२१ ला ते पुन्हा आलंच.

वाटून उरेल ते एकाच पिशवीत मावलं पाहिजे, आणि ती पिशवी मला एका हातानं उचलता आली पाहिजे. माझी आता वरच्या मजल्यावर, दाराच्या मागं, खुंटीला आहे. लाल रंगाची, अंधारातही दिसावी म्हणून.

एवढं झालं की मग खुशाल डबे आणा. दोन वर्षांत ज्याला हात लागला नाही ते सामान अंगणवाडीला किंवा शिवण शिकणाऱ्या एखाद्या पोरीला देऊन टाका. तिथं मन घट्ट करायला काहीच हरकत नाही.

कुंचीचं पुढे काय झालं ते सांगते. ताईनं नवी शिवली, स्वतःच्या एका जुन्या इरकलीची. मला फोन करून म्हणाली, "मोती आहेत का तुझ्याकडे?" डबा नंबर चौदा, 'मोती - पांढरे', पुरातून सुखरूप वर गेलेला. पाठवले. शालूचा तो हातभर पदरही पाठवला. तो तिनं आतून, बाळाच्या डोक्याला लागणार नाही असा, मागच्या बाजूला लावलाय. ही कुंची मात्र माझ्याकडे ठेवायची नाही असं तिनं सांगून टाकलंय. ज्या घरात शेवटचं बाळ झालं तिथं ती राहते, आणि पुढचं बाळ झालं की तिकडे जाते. आत्ता ती नाशिकला भाचीकडे आहे.

मला आधी जरा लागलं. आता वाटतं, ताईचंच बरोबर आहे.